सामंतकाकांचं परराष्ट्र खातं

सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी सामंतकाका गॅलरीत उभे राहून एखाद्या ट्रक ड्रायव्हरला फोनवर विचारतात, "पूल कसा आहे?" घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी, तसा आवाज असतो. पूल म्हणजे बहारीनला सौदीशी जोडणारा समुद्रावरचा पूल. तो मोकळा असला की काका शेजारच्या गॅलरीतून मला कळवतात, "संबंध उत्तम." रांग लागलेली असली तर, "संबंध ताणलेत. पण आपण बोलायचं नाही."

बहारीनमधल्या हूरा भागात त्यांचा फ्लॅट आमच्या शेजारी. सलमाबादच्या एका गोदामात ते सौदीहून आलेले भाजीचे आणि दुधाचे ट्रक उतरवून घेतात. दोन देशांची मैत्री आपल्यामुळे टिकून आहे असं ते कधी म्हणत नाहीत. फक्त रजा घेत नाहीत. आम्हा नवरा-बायकोचं भांडण भिंतीपलीकडे गेलं की दुसऱ्या दिवशी म्हणतात, "अंतर्गत मामला आहे गो, मी लक्ष घालत नाही. पण मोठ्या देशानं आधी बोलावं, असा रिवाज आहे." आमच्यातला मोठा देश कोण, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे आमचे अबोले लांबतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ट्रक आलेच नाहीत. काकांनी सगळ्यांना फोन केले, "दूध खलास. दही लावून ठेवा." अख्ख्या इमारतीने दुकानातलं होतं नव्हतं तेवढं दूध आणून विरजलं. दुपारी धुकं विरलं आणि सगळे ट्रक ओळीने हजर झाले. पुढे आठवडाभर घरोघरी कढी होती. काका म्हणाले, आपण सावध राहिलो म्हणून प्रकरण चिघळलं नाही.

त्यांच्या घरचा परराष्ट्र प्रश्न मात्र सुटत नव्हता. मुलगा मंदार पुलापलीकडे सौदीतल्या खोबर शहरात इंजिनिअर. काकू गेल्या तेव्हा त्याने, बाबा, आता माझ्याकडे चला म्हणून गळ घातली. काका हलेनात. वैतागून तो बोलून गेला, "एवढंसं बेट, काय ठेवलंय त्यात तुमचं?" काकूंना याच बेटावर अग्नी दिलेला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

व्यापार तेवढा चालू होता. दर आठवड्याला काका नाचणीचे लाडू वळायचे. काकूंसारखे ते कधीच जमायचे नाहीत. स्टीलच्या डब्यात भरून ते ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरबरोबर खोबरला जायचे आणि डबा खजुराने भरून परत यायचा. फोन नाही, निरोप नाही. मी काही म्हटलं की उत्तर तयार, "मोठा देश तो. आधी त्यानं बोलायचं."

मागच्या गुरुवारी डबा आला नाही. ड्रायव्हर नुसता "मफी", म्हणजे नाही, एवढंच म्हणाला. संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. "पुलापर्यंत सोडतेस? जरा रांग बघायचीय."

पुलाच्या मधोमध आणखी एक छोटं बेट आहे. आपल्या बाजूने तिथपर्यंत पासपोर्ट न दाखवता जाता येतं. सौदीहून सुट्टीला निघालेल्या गाड्यांची झुंबड उडाली होती. काकांनी रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्यापारही बंद केला गो त्यानं," ते हळूच म्हणाले.

एरवी मी चेष्टा केली असती. आज म्हटलं, "काका, रिवाज गेला खड्ड्यात. तुम्ही लावा फोन."

त्यांनी मंदारचा नंबर शोधून काढला. मग लावला. "कुठे आहेस?" एवढंच विचारलं आणि ऐकत राहिले. फोन खिशात घालताना खिसा सापडेना.

"रांगेत आहे," ते म्हणाले. "डबा घेऊन तो स्वतःच निघालाय."

बऱ्याच वेळाने मंदारची गाडी कडेला येऊन थांबली. तो डबा छातीशी धरून उतरला.

"पुलावर गर्दी होती?" काकांनी विचारलं.

"खूप."

"तरी आलास."

मंदारने डबा पुढे केला. काकांनी डबा राहू दिला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. तसेच दोघं मंदारच्या गाडीत बसले आणि काकांच्या घराकडे निघाले. मी मागे उभी आहे, हे परराष्ट्र खात्याच्या लक्षातही आलं नाही.