पाठ्यपुस्तक वेष्टनासह मंजूर

सार्वजनिक वित्ताचं पाठ्यपुस्तक निवडायला महाविद्यालयात समिती बसली, आणि बसली ती चांगली मांडी ठोकून बसली. सरकार कर कुणाकडून घेतं आणि घालवतं कुठं, हे शिकवणारा हा विषय. शिकवणार होती एका घरची धाकटी सून. नोकरी कंत्राटी. मुलांचा निकाल घसरला की तुम्हीही घरी, असं प्राचार्यांनी तिला गोड हसून सांगून ठेवलेलं. म्हणून मुलांना कळेल असं पुस्तक तिला हवं होतं. मागणी एवढीच, पण ती नेमकी समितीच्या कार्यकक्षेबाहेरची.

टेबलावर तीन नमुना प्रती, तिन्ही प्लास्टिकच्या वेष्टनात. नियम असा, की वेष्टन फाडलं की पुस्तक खरेदी झालं असं धरायचं, आणि निवडीआधी खरेदी करायची नाही. तेव्हा निवड बंद पुस्तकांतूनच होई. आजवर त्यानं कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

प्राचार्यांनी एक प्रत तळहातावर तोलली. "हे जड आहे. विद्वत्ता जाणवते."

"जड पुस्तकाला मुलं भितात, पातळ पुस्तकाला पालक हसतात," विभागप्रमुख म्हणाले. "मधलं घ्या."

ग्रंथपालांनी पट्टी लावली. "मधलं कपाटात बसतं."

"सर, आत काय आहे ते तरी बघू या," सून म्हणाली.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "मॅडम, आत बघूनच घ्यायचं असतं तर समिती कशाला नेमली असती?"

यावर सखोल विचार व्हावा म्हणून बैठक तहकूब झाली.

घरी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. "अगं, कलिंगड घेताना मीसुद्धा टिचकी मारते! आणि तुम्ही एवढे शिकले-सवरलेले!"

"नियम आहे, आई."

"नियम काय तुझा मामेसासरा लागतो? फाड की!"

पुढच्या बैठकीत सुनेनं वेष्टन फाडलं. मधल्याच पुस्तकाचं.

आत पानं कोरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पांढरीशुभ्र. प्रकाशक काही खुळा नव्हता; जे कुणी उघडणारच नाही त्यावर शाई कशाला घालवावी?

पण फाडलं म्हणजे घेतलं, आणि घेतलं म्हणजे निवडलं. इतिवृत्तात नोंद झाली: 'पुस्तकात एकही चूक नाही. एकही विधान आक्षेपार्ह नाही. समाजातील सर्व घटकांना समान स्थान दिले आहे.'

"पण सर, मुलांना शिकवू काय?"

"फाडलं कुणी, मॅडम?"

वर्षभर सून वर्गात म्हणत राहिली, "पान उलटा."

परीक्षेत मुलांनी कोऱ्या उत्तरपत्रिका दिल्या. पुस्तकाशी तंतोतंत जुळल्या, म्हणून सगळ्यांना पैकीच्या पैकी. एका आगाऊ पोरीनं मात्र कर कशाला म्हणतात, तो कुणावर किती पडावा, हे चांगली पानं भरून लिहिलं. पुस्तकाबाहेरचं लिहिलं म्हणून तिला नापास केलं. लाल रेघ सुनेनंच ओढली. रेघ अगदी सरळ आली. नोकरी कायम झाली. सासूबाई त्या दिवशी तिच्याशी एक अक्षर बोलल्या असतील तर शपथ.

पास झालेली पोरं आता कचेऱ्यांत तुमच्याच कराचा हिशोब बघतात. विचारायला जाल, तर कोरा कागद पुढं सरकवून सही कुठं करायची ते बोटानं दाखवतील. आणि तुम्ही कराल. पेन तर घरूनच घेऊन जाता!