जावई कॉम्प्युटरात आहेत

सासऱ्यांच्या घरचा राउटर उत्तम चालला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जेवणानंतर तासाभरात घरातल्या कोणालाच ते आठवेनासं झालं.

अडचण एवढीच होती की राउटर बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर, आणि मेहुणीला चार वाजता लॅपटॉपवर मुलाखत द्यायची होती आतल्या खोलीत, दार लावून. दार लावलं की आत नेट रांगायला लागायचं. वर्षभर अर्ज करून थकलेल्या पोरीला पहिल्यांदाच कोणीतरी बोलावलं होतं, त्यामुळे सकाळपासून घरात सगळे दबक्या आवाजात वावरत होते. ती बिचारी म्हणाली, मी बाहेरच बसते, तुम्ही सगळे आत जा. बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणून कोणी ऐकलं नाही.

"छे," सासरे म्हणाले. "घरात कॉम्प्युटरातला माणूस असताना चपलांशेजारी बसून मुलाखत? जावईबापू राउटर आत आणून देतील."

आता हे कॉम्प्युटरात असण्याचं प्रकरण. लग्न जमवताना मध्यस्थाने "मुलगा कॉम्प्युटरात आहे" असं सांगितलं होतं आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. जावयाच्या कंपनीत कॉम्प्युटरची टेबलं बनत आणि जावई त्या टेबलांच्या ऑर्डरी आणायचा. कॉम्प्युटरशी संबंध होता, फक्त खालून होता. बायकोला लग्नानंतर आठवड्याभरात सगळं कळलं होतं, पण तिने ते दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं, वेळप्रसंगी बाहेर काढायला. सासरच्यांना मात्र कोणी सांगितलं नाही. सासरे स्वतः टेलिफोनातून रिटायर झालेले. जन्मभर तारांमध्ये वावरलेल्या माणसापुढे टेबलाचं नाव कुठल्या तोंडाने काढणार?

वास्तविक 'मला यातलं कळत नाही' असं म्हटल्याने जिभेला काही इजा होत नाही. जावई म्हणाला, "बघतो."

राउटरच्या पाठीला वायरी तीनच होत्या. एक विजेची. एक भिंतीतून येणारी, जिच्यातून नेट येतं. ती वेगळ्या निळ्या खाचेत एकटीच. आणि एक टीव्हीला जाणारी, शेजारच्या चार पिवळ्या खाचांपैकी एकीत. जावयाने कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे पुरेसा वेळ पाहिलं आणि मग "हं" केलं. त्या "हं"वर सासरे फार खूश झाले. भिंतीतली वायर सुदैवाने लांब होती. राउटर आतल्या खोलीत टेबलावर आला, निळ्या खाचेतली वायर जागच्या जागी राहिली, दिवे लागले. जावई इथे थांबला असता तर सगळं निभावलं असतं.

पण टीव्हीची वायर आतपर्यंत पुरेना. तिचं टीव्हीकडचं टोक त्याने काढून घेतलं होतं, ते आता टेबलावरून लोंबत होतं. दुसरं टोक राउटरमध्येच.

"हे एक राहिलं की," सासरे म्हणाले.

जावयाने पाहिलं. टोक मोकळं होतं आणि पिवळ्या खाचाही तीन मोकळ्या होत्या. कॉम्प्युटरातल्या माणसाच्या हातून टोक लोंबतं राहिलं तर दिसायला कसं दिसेल? "ते इथे येतं," तो म्हणाला आणि त्याने ते शेजारच्या पिवळ्या खाचेत खोचलं. टक्क असा आवाज आला. इतका समाधानाचा आवाज चुकीच्या कामातून येऊ नये, पण येतो.

म्हणजे वायर राउटरमधून निघाली आणि वळून त्याच राउटरमध्ये शिरली. राउटर बसला स्वतःशी बोलत. स्वतःच सांगायचं, स्वतःच ऐकायचं, आणि ऐकलं की तेच पुन्हा सगळ्यांना सांगायचं. घरात असा एक माणूस असला की बाकीच्यांना तोंड उघडता येत नाही, तसंच झालं. दिव्यांनी थयथयाट मांडला आणि नेट गेलं.

"किती दिवे लागले बघा," सासरे कौतुकाने म्हणाले. "आधी एवढे कधी लागत नव्हते."

मेहुणीच्या लॅपटॉपवर मात्र काहीच उघडेना. मुलाखतीला अर्धा तास उरला होता. जावयाने राउटर बंद करून चालू केला. मग जरा विचार करून पुन्हा बंद करून चालू केला. नेटच्या कंपनीला फोन लावला; तिथल्या बाईने, म्हणजे बाईच्या आवाजातल्या यंत्राने, राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, तेव्हा आपण योग्य दिशेने चाललो आहोत असं त्याला वाटलं. मग त्याने सुई मागितली. राउटरला मागे एक बारीक छिद्र असतं, त्यात सुई घालतात, एवढं त्याने कुठेतरी ऐकलेलं. सुई म्हटल्याबरोबर घर कामाला लागलं. सासऱ्यांनी पडदा सरकवून उजेड केला. सासूबाईंनी सुई आणली, तीही दोरा ओवलेली. ती हातात घेतल्यावर जावयाला आठवलं की सुई घातल्यावर पुढे काय होतं ते ऐकायचं राहूनच गेलं होतं. बायको दाराला टेकून गालातल्या गालात हसत होती.

"भावोजी," मेहुणी म्हणाली. तिने ठेवणीतला ड्रेस घातला होता आणि डोळे भरून आले होते. "होणार नसेल तर तसं सांगा. मी त्यांना कळवून टाकते."

जावयाला मनापासून लाज वाटली. आपल्या ऐटीपायी या पोरीची नोकरी जाते आहे आणि आपण हातात सुई धरून उभे आहोत. एक फोन करून येतो म्हणून तो बाल्कनीत गेला आणि त्याने आपल्या ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला गाठलं.

"अरे, मला काही कळत नाही यातलं. मी टेबलं विकतो, तुला माहीत आहे. इथे सगळ्यांना वाटतं मी इंजिनियर आहे. माझ्यापायी पोरीची मुलाखत बुडतेय, फक्त एवढं सांग..."

मागे कोणीतरी खाकरलं. सासरे उभे होते. बराच वेळ उभे असावेत, असं चेहरा सांगत होता.

आणि नेमकी तेव्हाच आतून मेहुणीची हाक आली. नेट आलं होतं.

झालं होतं ते असं. सासूबाई टीव्ही लावायला गेल्या, तर टीव्हीला वायर नाही. शोधत शोधत त्या आत आल्या आणि "माझ्या टीव्हीची वायर कोणी खुपसली इथे?" म्हणत त्यांनी एक टोक उपटून घेतलं. राउटरचं पुटपुटणं थांबलं आणि सगळं सुरळीत झालं. सासूबाईंना ते टोक टीव्हीपर्यंत पुरेना, म्हणून त्या धुसफुसत राहिल्या. वायर निघणं आणि नेट येणं यांचा संबंध घरात कोणीही जोडला नाही. जोडणं हा त्या घराचा प्रांतच नव्हता.

मेहुणीने दार लावून घेतलं. बाल्कनीत दोघं उरले.

"बाबा, मी कधीतरी सांगणारच होतो," जावई म्हणाला.

"कशाला?" सासरे कठड्यावरून खाली बघत होते. "मी टेलिफोनात काय होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"लाइनीवर ना?"

"लाइनीवरच्या लोकांना रेनकोट वाटायला होतो. गोदामात. रेनकोट आणि गमबूट. आमच्या वेळी मध्यस्थाने 'मुलगा टेलिफोनात आहे' एवढंच सांगितलं. झालं. गल्लीतला प्रत्येक बंद फोन माझ्याकडे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"रिसीव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, 'लाइन वरूनच गेलीये.' चार दिवसांनी आपोआप यायची." सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही सुई मागितलीत तिथेच मी ओळखलं. हत्यार कधी मागायचं नसतं, जावईबापू. हातात आलं की चालवावं लागतं."

जावयाला एकदम हलकं वाटलं. लग्न झाल्यापासून या घरात पहिल्यांदाच त्याला माणसात आल्यासारखं झालं. "आईंना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"ती कधी काही बोलली नाही," सासरे म्हणाले, आणि मग त्यांनाच त्या वाक्याची काळजी वाटली.

पाचच्या सुमारास आतलं दार उघडलं, तसे दोघंही घरात आले. मेहुणीचा चेहराच सांगत होता. घेतलं होतं तिला, सोमवारपासून. सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं, वायर हातात तशीच. काम काय करायचं, सासऱ्यांनी विचारलं.

"घरूनच करायचं. लोकांचं नेट बंद पडलं की त्यांचे फोन येणार, त्यांना काय करायचं ते सांगायचं. मला विचारलं त्यांनी, राउटरमधलं काही कळतं का. म्हटलं, बाबा टेलिफोनात होते, भावोजी कॉम्प्युटरात आहेत, घरातच शिकले."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

"मग आधी माझा टीव्ही लाव, बाई," सासूबाई म्हणाल्या. "या दोघांनी त्याची वाट लावलीये."

मेहुणीने ते मोकळं टोक हातात घेतलं. राउटरच्या पाठीकडे कपाळाला आठ्या घालून पुरेसा वेळ पाहिलं. मग पिवळ्या खाचेकडे हात नेत ती म्हणाली, "बघते."