फुगा फोडण्यास मंजुरी

दर गुरुवारी सकाळी चार चौकटींचं एक वेबकॉमिक प्रसिद्ध होत असे आणि त्यात एक फुगा फुटत असे. त्या वेबकॉमिकचं याव्यतिरिक्त कोणतंही उद्दिष्ट नव्हतं, ही बाब सुरुवातीलाच नमूद केलेली बरी.

त्याची नायिका साळू नावाचं एक साळिंदर होतं. अंगभर काटे आणि धंदा फुगे विकण्याचा. ती गिऱ्हाइकाकडे वळली की फुगा फुटे, शिंकली की फुटे आणि कुणी प्रेमाने मिठी मारली की अख्खं दुकान फुटे. हे सगळं काढणारी बाई जिन्याशेजारच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. घरात तिला चिमी म्हणत. खिडकीजवळच्या टेबलावर ती आधी पेन्सिलीने काढी, मग स्क्रीनवर रंगवी. फुगा फुटल्याचा आवाज कसा लिहावा हे ठरवायला आईसमोर उभी राहून ‘फट्‌’, ‘फाट्‌’, ‘फटॅक्‌’ असं म्हणून दाखवी. आई ज्याला हसेल ते चित्रात जाई. संपादकीय धोरण म्हणतात ते एवढंच.

वाचक वाढत गेले. काही जण आपणहून दरमहा वर्गणी देऊ लागले. त्या भरवशावर चिमीने जाहिरातींतल्या शांपूच्या बाटल्यांवर चकाकी काढण्याची नोकरी सोडली.

मग एका वाचकाने लिहिलं, “मागील भागातील फुगा निळा होता. प्रस्तुत भागात तो जांभळा दिसतो. कृपया खुलासा व्हावा.”

मागचा फुगा मागच्या भागात फुटला होता, एवढाच खुलासा होता. तो तिने केला आणि वर आभारही मानले. तिथेच घात झाला. इथे खुलासा मिळतो ही बातमी पसरली. कुणी साळूचं शिक्षण विचारलं, कुणी दुकानाचा परवाना. साळिंदर दिवसा झोपतं, तेव्हा दुकानाची वेळ संशयास्पद आहे, हे कुणीतरी निदर्शनास आणलं. चिमी दिवसभर उत्तरं लिहू लागली आणि कॉमिक उरल्यासुरल्या वेळात उरकू लागली.

अशा वेळी दादा धावून आला. चिमीचा हा थोरला भाऊ एका मोठ्या ऑफिसात, कामं कशी करावीत हे ठरवण्याचं काम करणाऱ्या खात्यात होता.

“तुझ्याकडे कला आहे, चिमे. यंत्रणा नाही,” तो म्हणाला.

“यंत्रणा कशाला, दादा? फुगा तर फोडायचाय.”

“तेच म्हणतोय. कुणाच्या परवानगीने फोडतेस?”

चिमी टेबलावर खोडरबर शोधू लागली. त्यालाच दादाने संमती मानलं.

वर्गणीदारांतून वाचक मंडळ स्थापन झालं. अध्यक्षपद दादाने नाइलाजाने स्वीकारलं. दुसरं नाव पुढे आलं नाही, कारण बैठक त्यानेच बोलावली होती आणि ठरल्या वेळेच्या जरा आधीच सुरू केली होती. फुग्याच्या रंगासाठी लगेच उपसमिती नेमली गेली.

पुढच्या ऑनलाइन बैठकीत दातांच्या डॉक्टर असलेल्या एका सदस्यबाईंनी स्क्रीनवर हात वर केला. “फुगा एकदम फुटतो. दचकायला होतं.”

“दचकायला व्हावं म्हणूनच तो फुटतो,” चिमी म्हणाली.

“दचकायला आमची हरकत नाही. आधी कल्पना द्या, एवढंच.”

त्यामुळे पहिल्या चौकटीत ‘या भागात फुगा फुटण्याची शक्यता आहे’ अशी सूचना आली. दुसरी चौकट बारीक अक्षरांत वर्गणीदारांचे आभार मानण्यात गेली. तिसरीत ‘कोणत्याही काटेरी प्राण्याच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही’ हे स्पष्ट करावं लागलं. राहिली चौथी. तिच्यात फुगा फुटायला काहीच अडचण नव्हती, पण त्याचा रंग ठरला नव्हता. उपसमितीत फिकट निळा आणि आकाशी असे दोन गट पडले होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. अहवाल येईपर्यंत चौथी चौकट राखीव ठेवावी, असं एकमताने ठरलं.

गुरुवारी ती रिकामी चौकट प्रसिद्ध झाली. चिमीने फोन कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. दुपारी भीत भीत बाहेर काढला, तर लाइक आजवर मिळाले नव्हते एवढे. ‘इथे फुगा वाचकाच्या मनात फुटतो,’ असं एका प्राध्यापकाने लिहिलं होतं. एकाला रडू आलं होतं, का ते त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढे मंडळाने रिकाम्या चौकटीचे टी-शर्ट काढले. ते साधे पांढरे टी-शर्ट होते, पण हातोहात खपले.

आईने फोन जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला.

“चिमे, मला दिसत नाहीये की तू काही काढलंच नाहीयेस?”

“काढलं नाहीये, आई.”

“मग लोकांना काय आवडलं?”

“ते मंडळाला विचारायला हवं.”

मंडळाचं म्हणणं पडलं की यशस्वी चौकटीत ढवळाढवळ नको. आठवडे जात राहिले. चिमी बैठकांना बसायची, ‘रिकाम्या चौकटीचं सामर्थ्य’ या विषयावर भाषणंही द्यायची आणि मोकळी झाली की पेन्सिलींना उगाच टोकं करत राहायची. हाताला काम नसलं की जीव कसा कातावतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

एका कंटाळवाण्या बैठकीत तिने कॅमेरा बंद केला आणि सहज हातातला कागद उलटा करून रेघा ओढल्या. बघता बघता एक जाडजूड हंस उमटला. तो होडीत बसून होडीला पडलेल्या भोकाबद्दल सभा घेत होता. होडी बुडत होती आणि आपल्याला पोहता येतं याचा हंसाला साफ विसर पडला होता. चिमी इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तीही हसत बसली.

हंस इंटरनेटवरच्या एका नव्या पानावर, नाव न लावता गेला. तिथे लाइकची सोय नव्हती, कमेंटची नव्हती, वर्गणीची तर नव्हतीच. चित्र संपलं की पान संपत होतं. तरी लोक ते एकमेकांना पाठवू लागले, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं.

काही दिवसांनी दादा फोन नाचवत घरी आला. डोळ्यांत हसून हसून पाणी होतं.

“हा हंस पाहिलात? ऑफिसात मला हसू आवरेना. साहेबांनी बाहेर उभं केलं. हुबेहूब साहेबच आहेत.”

आईने चिमीकडे पाहिलं. चिमी चहात साखर ढवळत होती, साखर कधीच विरघळली होती.

“कोण काढतं रे हे?” आईने विचारलं.

“तेच तर. नाव नाही, पत्ता नाही, सूचना करावी म्हटलं तर जागा नाही.” दादा गंभीर झाला. “इतका गुणी माणूस आणि पाठीशी कुणी नाही. त्याला शोधून मंडळाखाली आणलं पाहिजे.”

चिमीने चमचा खाली ठेवला. “शोध समिती नेमू या. जबाबदारी मी घेते.”

दादाला भरून आलं. आपली बहीण मार्गाला लागली, असं तो जाताना आईला म्हणाला.

समितीचं काम उत्तम चाललं आहे. चिमी नियमाने मुदतवाढ मागते, मंडळ नियमाने देते. धागेदोरे हाती येत असल्याचं ती प्रत्येक बैठकीत सांगते आणि उरलेल्या वेळात हंस काढते. मध्यंतरी गंमत म्हणून तिने राखीव चौथ्या चौकटीत साळूलाही परत आणलं, फुग्यासकट, तोही चांगला फुटलेला. त्याखाली पहिली कमेंट आली, ‘आजची रिकामी चौकट नेहमीपेक्षा बोलकी.’ पुढच्या सगळ्यांनी तिलाच दुजोरा दिला. तेव्हापासून साळू दर गुरुवारी हजर असते. मंडळाच्या अजून लक्षात आलेलं नाही.

मंडळात सध्या एक जागा भरायची आहे. आपण ही हकीकत अथपासून इतिपर्यंत वाचून इथवर पोहोचला असाल, तर दिलगीर आहोत, आपण अपात्र ठरता. मधलं सगळं गाळून थेट इथे उतरला असाल, तर आपलंच नाव पुढे करण्याचा विचार आहे.