घाटनांदुरी बेगड उतरले, तो मजकूर

हकीकत ऐसी जे, मौजे घाटनांदूर येथे बंकटराव जीपवाले यांनी तीस वर्षे अंबाजोगाईच्या सवाऱ्या वाहिल्या, मग जीप विकली आणि ते दिवसापासोन मौन धरिले. हे पाहोन कन्या स्वप्नाताईसाहेब, रसायनशास्त्री निपुण, यांचे चित्ती आले की तीच जीप लहान करोन त्यांचे तळहाती द्यावी, म्हणजे तीर्थरूप बोलतील. मग जोडावयाच्या खेळण्यातील जीपचे प्लास्टिकचे सुटे भाग मागविले आणि घात जाहला! बंपर, दिवे, चाकांच्या वाट्या, अवघे चांदीसारखे लखलखीत. त्या बेगडावर ना गोंद ठरे ना रंग. बंपर तीन वेळ चिकटविला, तीन वेळ फितूर होऊन गळाला.

आत्या कडूबाईसाहेब वदल्या, "कावून खरडायलीस पोरी? नव्या नवरीवानी दिसायलंय की!"

"आत्या, आबांची गाडी कवा चमकली हुती का? ते वळखायचेच न्हाईत."

मग मसलत जाहली. बेगड म्हणजे ॲल्युमिनियमचा पापुद्रा, केसाहून पातळ, परंतु मिजास पातशाही. खिडक्या खुल्या केल्या, हातमोजे चढविले, न्हाणीतील ब्लीच तलब केले आणि गनीम डब्यात बुडविला. प्रथम बुडबुडे उठले, मग चकाकी काळवंडली, आणि घटकाभरात पातशाही विरघळोन गेली. करडे प्लास्टिक उघडे पडले. ताईसाहेब न्हाणीच्या दारी एकट्याच नाचल्या.

धुणे थंड पाण्यानेच, ऐसा सक्त हुकूम होता. ताईसाहेब फडके आणावयास वळल्या, तो आत्यासाहेबांनी कढत पाण्याची कुमक ओतिली. "थंड्या पाण्यानं कुटं मळ निघतो व्हय?"

बंपर डावे अंगास वाकला. ताईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. सरळ करू जाता मोडेल, हे भय. म्हणोन तैसाच चिकटविला. या खेपेस तो ठरला, आणि रंगही धरिला.

सायंकाळी बंकटराव पारावरून परतले. जीप हाती घेतली, उलटसुलट पाहिली आणि बंपरावर अंगठा फिरविला.

"आगं, हीच की! ह्यो बंपर युसूफ वडगावच्या पुलावर म्हशीनं वाकवला हुता. लई माजुरी म्हैस!"

मग म्हैस, म्हशीचा धनी, त्याचे सासरे, ऐसी कथा चालिली. पानावरील भाकरी निवाली, तरी खंड नाही.

येणेप्रमाणे बेगड समूळ बुडाले, मौन मोडले, जखमी बंपर एक. फत्तेचा मान कडूबाईसाहेबांनी परस्पर घेतला आणि शेजारपाजारी कळविले की कढत पाण्यावाचोन मोहीम बुडालीच होती.