ओव्हाळचे तीन जीव

प्रदीप ओव्हाळ गोष्ट सांगत असताना त्याला मध्येच अडवलं, तर तो ती पहिल्यापासून सांगतो.

हे मी कौतुकानं सांगत नाही, सोसलंय म्हणून सांगतोय. चिंचवडहून चाकणला जाणारी आमची कंपनीची बस सकाळी निघते आणि मोशीच्या पुढे गेली की ट्रॅफिकमध्ये रुतते. त्या रुतलेल्या बसमध्ये ओव्हाळ माझ्या शेजारी असतो. एकदा त्यानं मावसभावाच्या लग्नातून आचारी कसा पळून गेला, ती हकिकत काढली. आचारी मागच्या दारापर्यंत आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठलं रे कार्यालय?" झालं. ओव्हाळनं एक लांब श्वास घेतला. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "तर माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं..." कंपनीचं गेट आलं तरी आचारी अजून कांदा चिरत होता. पुढे तो का पळाला हे मला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायची ताकद माझ्यात नाही.

"सवय आहे भाऊ," ओव्हाळ सांगतो. "आमच्या गेममध्ये सेव्ह नव्हतं."

ओव्हाळची सगळी विद्या त्या एका गेममधून आली आहे. टीव्हीला जोडायचा राखाडी डबा, त्याला वर खाच, खाचेत कॅसेट. त्याच्या लहानपणी वडिलांनी एका दिवाळीला आणलेला तो डबा त्यानं अजून जपलाय. गेम साधा. एक माणूस, आठ किल्ले, तीन जीव. तिन्ही जीव गेले की पडदा काळा आणि पुन्हा पहिला किल्ला. सातव्या किल्ल्यात मेला तरी पहिला किल्ला, आईनं जेवायला हाक मारून बटण बंद केलं तरी पहिला किल्ला. तीस वर्षं खेळून ओव्हाळनं आठवा किल्ला पाहिलेला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची पद्धत होती. ती फुंकर त्याच्या अंगात मुरली आहे. गेटवर कार्ड लावण्याआधी तो कार्डावर फुंकतो. सिमकार्डावर फुंकतो, जेवणाच्या डब्यावर फुंकतो, एकदा बोलता बोलता माझा चष्मा काढून घेऊन फुंकला आणि परत नाकावर ठेवला. लिहून मात्र काही ठेवत नाही. वाणसामानाची यादी करत नाही, पुस्तकात खूण घालत नाही. "लक्षात राहिलं ते आपलं," म्हणतो.

मी स्टोअरला आहे. बावीस वर्षं झाली. हातमोजे, ग्रीस, नटबोल्ट, कानात घालायचे बोळे, सगळं माझ्या खिडकीतून जातं आणि परत यायचं ते परत येतं. निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि पाठ आत्ताच निवृत्त झाली आहे. बसमध्ये विरंगुळा म्हणून मी मोबाईलवर रंगीत गोट्या फोडतो. ओव्हाळनं एकदा डोकावून विचारलं, "कितवी लेव्हल?"

"सहाशे बारा," मी जरा ऐटीत म्हणालो.

"आणि मेलात कितीदा?"

"ते कोण मोजतं?"

"मग ती लेव्हल नाही भाऊ, तो बसचा स्टॉप आहे. आपोआप येतो." मग नव्या गेमवर त्याचं व्याख्यान सुरू झालं. "आजकालचा गेम मरूच देत नाही. मेलं की दोन पावलं मागं उभं करतो आणि वर दमलात का विचारतो. सुरुवातीलाच सोपं पाहिजे का अवघड पाहिजे. अहो, हे काय हॉटेल आहे का, मीडियम तिखट द्या म्हणायला? आमच्या वेळी खड्डा म्हणजे खड्डा होता."

मी म्हणालो, "अरे बाबा, माणूस बारा तासांनी घरी येतो. अर्धा तास खेळणार. त्याला रोज पहिल्यापासून कसं परवडेल? सेव्ह हे दमलेल्या माणसासाठी काढलंय."

ओव्हाळनं बाहेर उभ्या ट्रककडे बघितलं. "दमलेलाच असतो ना मी पण," तो म्हणाला.

इथे त्याच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. चाकणच्या पट्ट्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं, बाहेरच्याला नसतं. इकडे बरेच कामगार सात महिन्यांसाठी घेतात. सात महिने भरले की ब्रेक. मग दुसरी कंपनी बघायची, नाहीतर काही महिन्यांनी तीच. पुन्हा नवा टोकन नंबर, नवं हेल्मेट, पहिल्या दिवशी सुरक्षेचं तेच व्याख्यान. मागचं काही धरत नाहीत. ओव्हाळचे वडील एकाच कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ओव्हाळ वीस वर्षं सात-सात महिन्यांवर आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये ही त्याची तिसरी खेप. पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या यंत्रांवर त्याच्याइतका जाणता माणूस आमच्याकडे कायम असलेल्यांतही नाही, हे मी नाही म्हणत, तिथले साहेबच म्हणतात.

त्याच साहेबांनी या खेपेला त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोघांना कायम करायचंय आणि तुझं नाव वर पाठवलंय. कायम करायला वयाची अट पंचेचाळीसची, आणि ओव्हाळ चव्वेचाळीसचा. म्हणजे आता नाही तर नाहीच. लग्न राहिलं तेही यापायीच. मुलीकडचे विचारायचे, "परमनंट आहेत का?" आणि बोलणी पक्की होईपर्यंत याचा ब्रेक यायचा. आईवडील गेले. आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या घरात तो एकटा राहतो, आणि रात्री साडेनऊपर्यंत त्या गेमची पिपाणी मला ऐकू येते.

सहाव्या महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पिपाणी अचानक थांबली आणि ओव्हाळ धापा टाकत माझ्या दारात आला. "भाऊ, आठवा किल्ला!"

सात किल्ले पार झाले होते. एक जीव शिल्लक होता. घाईत चूक होईल म्हणून त्यानं गेम पॉझ केला होता. "गुरुवारी आठवड्याची सुट्टी आहे. आंघोळ करून, शांत डोक्यानं खेळतो," तो म्हणाला. तोवर डबा चालूच ठेवायचा. डबा तापू नये म्हणून त्यासमोर टेबलफॅन लावला, टीव्हीवर टॉवेल टाकला आणि हा रोज कामावर जायला लागला. सोमवारी बसमध्ये त्यानं एकही गोष्ट सांगितली नाही, ते बरं वाटलं.

बुधवारी मोशीत त्याच्या लक्षात आलं, की गुरुवारी देखभालीसाठी आमच्याकडची लाइट जाते. सकाळी दहाला. आधीच खेळून टाक म्हटलं, तर घड्याळाकडे बघत खेळणार नाही म्हणाला.

माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. गुरुवारी नऊ वाजता आम्ही कामाला लागलो. माझ्या घरातून एक्स्टेन्शनची वायर गॅलरीतून वर चढवली. ती लोंबू नये म्हणून माझ्या बायकोनं कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून अडकवली. पावणेदहाला वायरीचं टोक त्याच्या टीव्हीपाशी पोचलं. इन्व्हर्टर तयार, बोर्ड तयार. आम्ही दोघांनी घाम पुसला.

"आता फक्त भिंतीतली पिन काढायची आणि यात घालायची," मी म्हणालो.

"पण काढली की बंद नाही का पडणार ते?" बायको म्हणाली.

तिनं तो डबा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. आमच्या दोघांची मिळून कारखान्यात बेचाळीस वर्षं झाली होती. टेबलफॅन तेवढा फिरत होता.

"मग आत्ता खेळ ना!" मी ओरडलो. "दहा मिनिटं आहेत!" ओव्हाळ मांडी घालून बसला, हातांवर फुंकर मारली आणि बटण दाबलं. पडद्यावर आठव्या किल्ल्याचं दार उघडलं. आत निळा अंधार, दोन मशाली, आणि तो एवढासा माणूस एक पाऊल आत गेला. तेवढ्यात लाइट गेली. घड्याळात दहाला सहा मिनिटं कमी होती. वीजवाले आयुष्यात कधी नव्हे ते वेळेआधी आले होते.

ओव्हाळ काळ्या पडद्याकडे बघत बसला. मग उठला आणि वायर गुंडाळायला लागला. "चला," तो म्हणाला, "पहिल्यापासून."

मला संतापच आला. "अरे, तुला राग येतो की नाही?"

"कुणावर यायचा भाऊ?" तो म्हणाला, आणि चिमटे मोजून माझ्या बायकोला परत दिले.

"फोनवर मिळतो हाच गेम. हवं तिथं सेव्ह होतो," मी म्हणालो.

"मग आठवा किल्ला फोननं पार केला असं होईल. मी कुठं असेन त्यात?"

तीन आठवड्यांनी कायम झालेल्यांची यादी लागली. दोन नावं होती, त्यांत ओव्हाळचं नव्हतं. त्याचे सात महिने त्याच आठवड्यात भरले. शेवटच्या दिवशी शिफ्ट सुटताना तो माझ्या खिडकीवर सामान जमा करायला आला. हेल्मेट, बूट, गॉगल, लॉकरची किल्ली. हातमोजे धुऊन आणले होते. हातमोजे कुणी धुऊन आणत नाही, मी ते फेकूनच देतो.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"नाव पाठवलेलं म्हणे. वरून दुसरी आली."

मी तोंडाला येईल ते बोललो. कंपनीला बोललो, साहेबांना बोललो, मागे उभ्या असलेल्या माणसावरही खेकसलो. मी कायम आहे, म्हणून मला चिडता येतं. ओव्हाळनंच माझी समजूत घातली. "जाऊ द्या भाऊ, बीपीची गोळी घेतली का?" असं म्हणाला आणि पोचपावतीवर सही करून बसकडे गेला. त्या दिवशी आम्ही शेजारी बसून घरी आलो आणि त्यानं एकही हकिकत काढली नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा लॉकर तपासायला गेलो. नव्या माणसाला किल्ली देण्याआधी लॉकर रिकामा आहे का ते बघावं लागतं. आत एक वही होती. शाळेतल्या मुलांची असते तशी, दोनशे पानी, वर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. मी उघडली.

अक्षर ओव्हाळचं होतं, सावकाश काढलेलं. "चार नंबर प्रेस. सकाळी यंत्र थंड असतं, दाबून निघालेले पहिले दहा जॉब बाजूला ठेवायचे, तपासणीत नापास होतात आणि बोलणी आपण खातो. डावीकडचा नट तासाभरानं सैल होतो, हातानं बघायचा, पण यंत्र बंद करून. सहा नंबरवर हात घालायची घाई करू नये, एकाचं बोट गेलंय. दुपारी खिडकीचं ऊन डोळ्यावर येतं, तेव्हा एक पाऊल उजवीकडे उभं राहावं. कॅन्टीनमध्ये बुधवारी लवकर जावं. नवीन आहे म्हणून लाजू नये, विचारावं." असं पानामागून पान. तीन खेपांत शिकलेलं सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर त्याचा फोन नंबर आणि खाली, "अडलं तर फोन कर."

मी तिथल्याच टेबलावरच्या फोनवरून त्याचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हां, बोल भावा!" एवढ्या उत्साहानं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "चार नंबर का? नट बघितला का डावीकडचा?"

"ओव्हाळ, मी बोलतोय. स्टोअरमधून."

"तुम्ही होय," तो म्हणाला. "मला वाटलं कंपनीचा नंबर आहे म्हणजे..."

"वही राहिलीय तुझी."

"असू द्या तिथंच. नवीन माणसाला लागेल."

"सगळीकडे ठेवून येतोस की काय?"

"येतो ठेवून."

"आणि कुणाचा फोन येतो?"

"अजून तरी नाही आला," तो म्हणाला. "नवीन माणूस असतो भाऊ. त्याला कुठं फुरसत असते?"

या माणसाला मी सात महिने बसमध्ये टाळत होतो, झोपेचं सोंग घेत होतो. मी कसाबसा फोन ठेवला आणि वही घेऊन प्रेस शॉपमध्ये गेलो. बावीस वर्षांत माझी खिडकी सोडून मी तिकडे चारदा गेलो असेन.

चार नंबरवर एक बाई उभ्या होत्या. तिशीच्या, लातूरकडच्या, पहिलाच दिवस, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नव्हतं. सकाळचे जॉब नापास झाले म्हणून नुकत्याच बोलणी खाल्लेल्या दिसत होत्या. मी त्यांना वहीचं पहिलं पान दाखवलं. त्यांनी बोट ठेवून ते वाचलं.

"अगोबाई, पहिले दहा बाजूला ठेवायचे असतेत व्हय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही ओ," त्या म्हणाल्या. मग सगळी वही चाळून शेवटच्या पानाशी आल्या. "हे कोण आहेत?"

"तुमच्या आधी इथे होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन लावा, ताई."

"पण आता तर सगळं लिहिलंय की यात. अडलं तर लावते ना."

"नाही अडलं तरी लावा," मी म्हणालो. "आजच लावा."