मशीन बंद करू नका

सोमवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं, आणि दुकान बंद असलं की चष्मेवाल्यांना घरात काहीतरी सुधारणा करायची लहर यायची. मागच्या खेपेला त्यांनी जरासा गळणारा नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून घरातले सगळे भांडी घासायला छत्री घेऊन जावं की काय अशा विचारात होते. या सोमवारी त्यांची नजर टीव्हीखालच्या जुन्या गेमच्या कन्सोलवर गेली.

घरात त्याला कुणी कन्सोल म्हणत नसे. 'मशीन' म्हणत. बायकोबरोबरच ते या घरात आलं होतं. बायको हॉस्पिटलात नर्स होती आणि अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणे. ड्यूटीवरून दमून आली की ती अर्धा तास मशीनसमोर बसायची आणि एक गाव वसवायची. त्या गावाची पहिली घरं तिने आणि तिच्या धाकट्या बहिणीने मिळून बांधली होती. पुढे बहीण दूरदेशी गेली, पण सिस्टरने बांधकाम थांबवलं नाही. गावात नदी आली, पूल आला, शाळा आली. हॉस्पिटल मात्र तिने मुद्दाम बांधलं नव्हतं. "तिथं तरी कुणी आजारी पडू नये," असं तिचं म्हणणं.

दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने चष्मेवाल्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं, की असली जुनी मशीन इंटरनेटला जोडता येतात आणि मग दोन माणसं दोन टोकांना बसून एकमेकांच्या गावात फिरू शकतात. मेहुणीकडेही अगदी असंच मशीन माळ्यावर पडलेलं होतं. आधी आपलं जोडायचं, मग गुपचूप मेहुणीला फोन करायचा, आणि संध्याकाळी सिस्टर गावात शिरते तो पुलावर सख्खी बहीण उभी! या कल्पनेने चष्मेवाल्यांना एकट्यालाच गहिवरून आलं.

पण मशीनला घरचं वायफाय दिसेना. वरच्यांचं दिसत होतं, खालच्यांचं दिसत होतं, आपलं तेवढं नव्हतं. त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"किती जुनं आहे मशीन?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"तसं आमच्या लग्नाच्या आधीचं."

"मग त्याला नवीन वायफाय ओळखू येत नाही काका. वायर लावा सरळ."

वायर होती. अडचण एवढीच होती की इंटरनेटचा डबा सासूबाईंच्या खोलीत होता आणि सासूबाई जेवून झोपल्या होत्या. चष्मेवाले चवड्यांवर आत गेले, डब्यात वायर खोचली आणि दुसरं टोक दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवलं.

"कोण आहे?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"मी आहे आई. वायर लावतोय."

"लावा," त्या म्हणाल्या आणि घोरू लागल्या.

बाहेर येऊन त्यांनी दार लोटून घेतलं, वायर मशीनला जोडली आणि बटण दाबलं. एवढ्या वर्षांनी बाहेरच्या जगाशी गाठ पडल्यामुळे मशीन बिचारं भांबावलं असावं. ते जोरजोरात घुर्रर्र करू लागलं. टीव्हीवर बारीक अक्षरांत मजकूर आला. चष्मेवाल्यांनी तो वाचला, आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. मशीन आता स्वतःला अद्ययावत करत होतं. ते पुरं होईपर्यंत बंद करू नका, बंद केल्यास साठवलेली सर्व माहिती नष्ट होऊ शकते.

सर्व माहिती म्हणजे गाव. नदीसकट.

बारीक मजकुराखाली मोठा आकडा आला. दोन टक्के. तेवढ्यात बेल वाजली.

दारात वायरमन उभा होता. "मेनची केबल जळालीय साहेब. म्हणून पंप बंद, लिफ्ट बंद. आता सगळ्या बिल्डिंगची लाइट बंद करतोय. तासभर लागेल."

"नाही नाही नाही!" चष्मेवाले दाराच्या चौकटीत आडवे झाले. "आत्ता बंद करू नका! मशीन चालू आहे!"

"कसलं मशीन?"

"अहो, मध्येच लाइट गेली तर सगळं संपेल! परत आणता येणार नाही!"

वायरमनने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. घुर्रर्र करणारा एक काळा डबा, त्यावर लुकलुकणारा दिवा, आणि डब्यातून निघून एका बंद दाराखाली गेलेली वायर. त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"आत कोण आहे?"

"आत? सासूबाई आहेत."

"सिस्टरना माहीत आहे?"

"तिला कुणी काही बोलू नका हं!" चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "संध्याकाळी घरी आली की मीच दाखवीन."

वायरमनने डोक्यावरची टोपी काढली. "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही सांगेपर्यंत मी खटक्याला हात लावणार नाही," असं म्हणून तो पावलांचा आवाज न करता जिना उतरला. किती समजूतदार माणूस, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

पंधरा टक्क्यांच्या सुमारास सोसायटीचे अध्यक्ष आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते इमारतीवर राज्य करत. एरवी जिन्यातूनच ओरडत येणारा हा माणूस आज हलक्या पावलांनी आत आला आणि त्याने चष्मेवाल्यांचा हात हातात घेतला.

"वायरमननं सांगितलं. धीर सोडू नका."

"नाही, तसं लवकर होईल बहुतेक…"

"असं बोलू नये," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. त्यांचा चष्मा गेल्या आठवड्यापासून चष्मेवाल्यांच्याच दुकानात काडी बसवायला पडलेला होता. बारीक अक्षरं त्यांच्या दृष्टीने मुंग्या होत्या, मोठा आकडा तेवढा दिसला. "सतरा? हा ऑक्सिजन आहे?"

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना टोपी आठवली, वायरमनचा खाली गेलेला आवाज आठवला.

"अहो, नाही, ऐका. हे मशीन म्हणजे…" ते सुरू करणार, तोच वरच्या मजल्यावरच्या काकू पाण्याने भरलेली कळशी घेऊन आत आल्या.

"पंप बंद आहे, टाकीत थेंब नाही. म्हटलं तुमच्याकडे आजारपण, पाणी आधी तुम्हाला," धापा टाकत त्या म्हणाल्या. "आमचं काय, आम्ही भांडी उद्या घासू."

चष्मेवाल्यांनी कळशीकडे पाहिलं. घरातलं शेवटचं पाणी असावं ते. 'काकू, हा गेम आहे' असं म्हणायच्या ऐवजी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"सगळ्यांना सांगितलंय," अध्यक्ष म्हणाले. "आजींचं मशीन चालू आहे तोवर पाण्यावाचून कुणी मरत नाही."

त्यानंतर माणसं येतच राहिली. दुपारच्या वेळी इमारतीत निवृत्त माणसंच असत, आणि त्यांना आजारपणाचा दांडगा अनुभव होता. कुणी सोफ्यावर, कुणी खुर्चीवर, कुणी दाराशी टेकून, सगळे टीव्हीवरच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. कुजबुजत बोलणं चालू होतं.

"तेवीस झाले."

"चढतोय, चढतोय."

"माणूस जिद्दीचा आहे. परवाच मला जिन्यात म्हणाल्या, गुडघा सोडला तर मला काही नाही."

"गुडघ्यापासूनच सुरुवात होते."

आकडा एकतीसवर अडकला तेव्हा काकूंनी डोळे पुसले. बत्तीस झाला तेव्हा अध्यक्षांनी सुस्कारा सोडला, आणि इतका वेळ श्वास रोखून बसलेली खोली एकदम मोकळी झाली. चष्मेवाले स्वयंपाकघरात चहा टाकत होते. दर दोन मिनिटांनी ते दारात येत, "एक सांगायचं होतं…" म्हणत, आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना परत पाठवी. शेवटी एवढ्या माणसांचा चहा करता करता काकूंची कळशी निम्मी झाली, आणि सांगणं आणखीच अवघड झालं.

पंचेचाळीस टक्क्यांना सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं.

सासूबाई अंबाडा बांधत बाहेर आल्या. चहाच्या वासाने त्यांना जाग आली होती. समोर अर्धी इमारत मान खाली घालून बसलेली पाहताच त्या दारातच थबकल्या, मग गंभीर चेहऱ्याने येऊन काकूंशेजारी बसल्या आणि हळूच त्यांच्या कानाशी लागल्या.

"कोण गेलं?"

काकूंच्या हातातली कपबशी खुळखुळली.

"आजी, तुम्ही उठलात कशाला?" अध्यक्ष कसेबसे म्हणाले. "आडव्या व्हा बघू. वायर कुठंय? वायर कुणी काढली?"

"मी का आडवी होऊ?" सासूबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकेकाच्या डोळ्यांत आपल्याविषयी दाटलेली माया पाहून त्यांचा चेहरा उतरला. "जावईबापू," त्यांनी हाक मारली, "खरं सांगा. मला काय झालंय?"

"तुम्हाला काहीही झालेलं नाही आई," चष्मेवाले हात जोडून म्हणाले. "देवाशपथ सांगतो."

"असंच सांगतात पेशंटला," कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात सिस्टर उभी होती. हॉस्पिटलच्या गणवेशात, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात रक्तदाबाचं यंत्र, लिफ्ट बंद म्हणून चार मजले धावत चढून लालबुंद झालेली. न राहवून काकूंनीच तिला फोन केला होता.

"आई कुठंय?"

"ही काय," सासूबाई म्हणाल्या. "मला काय झालंय ते तू तरी सांग. हे कुणी सांगत नाहीत."

सिस्टरने आईची नाडी पाहिली. मग डोळे पाहिले. मग टीव्हीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या गेमला इंटरनेट कुणी लावलं?"

मग चष्मेवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाईक, वायफाय, वायर, टोपी. सांगताना ते कुणाकडेही पाहत नव्हते.

"गेम?" अध्यक्षांचा आवाज पूर्ववत मोठा झाला. "आम्ही तासभर कुजबुजत बोललो, ते गेमसाठी?"

"माझी कळशी!" काकू म्हणाल्या.

"का हो," सासूबाई ताठ बसल्या, "मी मेले नाही याचं वाईट वाटतंय का तुम्हाला?"

अध्यक्ष खाली बसले. काकूंनी सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या एकदम हसायलाच लागल्या, तशा सासूबाईही हसू लागल्या. उठून जावं तर आकडा ऐंशीच्या घरात पोचला होता. इतका वेळ बसलोय तर शेवट बघूनच जाऊ, असं सगळ्यांचं मत पडलं. शंभर झाले तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. गाव जागच्या जागी होतं. चष्मेवाल्यांनी 'दुसऱ्याच्या गावाला भेट द्या' या अर्थाचं बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. ही सेवा काही वर्षांपूर्वी बंद करण्यात आली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

खोलीतल्या कुणीही चष्मेवाल्यांची थट्टा केली नाही. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

"मला विचारायचं तरी," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजातली धार गेली होती.

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना."

तिने मोबाइल काढला आणि धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल टीव्हीकडे धरला.

"अगं, हे आपलं गाव?" पलीकडून किंचाळी आली. "एवढं मोठं झालं? ताई, माझी बेकरी कुठंय? तू माझी बेकरी नदीच्या पलीकडे नेलीस?"

"पूर यायचा तिथं."

"गेममध्ये कसला पूर येतो! आण इकडे. आत्ताच्या आत्ता आण."

सिस्टरने बेकरी अलीकडे आणली. अध्यक्षांनी टेकडीवर पाण्याची टाकी हवीच असा आग्रह धरला आणि ती बांधून घेतली. काकूंनी बागेत बाक मागितले. सासूबाईंच्या मते शाळेच्या वाटेवर सावली नव्हती, म्हणून झाडं लागली. दोन बहिणी रस्त्याच्या रुंदीवरून कडाकडा भांडत होत्या. आपली आता इथे कुणालाच गरज नाही हे पाहून चष्मेवाल्यांना बरं वाटलं. मग त्यांना आठवलं की बिचारा वायरमन अजून खालीच ताटकळत असेल.

वायरमन मीटरच्या खोलीत उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसला होता. त्यांना पाहताच तो उठून उभा राहिला.

"पेशंट कसं आहे?"

"उत्तम," चष्मेवाले म्हणाले. सगळी कहाणी पुन्हा सांगायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. "बोलतंय, हसतंय, भांडतंय. करा तुम्ही लाइट बंद."

"नक्की?"

"अगदी बिनधास्त."

वायरमनने खटका खाली ओढला. क्षणभर सगळी इमारत शांत झाली. मग चौथ्या मजल्यावरून, एकाच वेळी पाच-सहा गळ्यांतून, आक्रोश उठला. "माझी टाकी!" हा आवाज अध्यक्षांचा होता. आणि त्या सगळ्यांच्या वर, जिन्याच्या पोकळीतून घुमत, सिस्टरचा आवाज खाली आला.

"अहोऽऽ! मी सेव्ह केलं नव्हतं!"

वायरमनने दचकून वर पाहिलं. "हे कोण ओरडलं?"

"पेशंट."

"छातीत दम आहे." त्याने पक्कड उचलली. "जा ना तुम्ही वर. माझं काम आता तासभर चालेल."

चष्मेवाल्यांनी काळोख्या जिन्याकडे पाहिलं. वर कुणीतरी दाणदाण पावलं टाकत होतं.

"त्यापेक्षा मी तुम्हाला बॅटरी धरतो," ते म्हणाले, आणि वायरमनच्या हातून बॅटरी घेऊन त्यांनी ती इतकी स्थिर धरली की वायरमन म्हणाला, असा मदतनीस आपल्याला आजवर मिळाला नव्हता.