मुख्य पात्र, नग एक

माझ्या पहिल्या चित्रपटातल्या मुख्य पात्राला सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार घ्यायला पात्राला दोन माणसांनी कान धरून मंचावर आणलं, एकाने उजवा, एकाने डावा. टाळ्या चार मिनिटं वाजत होत्या.

वरील परिच्छेद वाचकांनी वाचलेला नाही असं गृहीत धरण्यात येत आहे. चित्रपट अजून बनलेला नाही, पुरस्कार कोणालाही मिळालेला नाही आणि कोणाचेही कान कोणीही धरलेले नाहीत. सध्या एवढंच घडलं आहे की मी एक पटकथा लिहिली आहे आणि ती मंजूर झाली आहे.

पटकथेचं नाव 'जोडून देते'. ती माझ्या आईवर आहे. आई एका कारखान्याच्या कचेरीत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली, खोलीत एक बोर्ड, एक खुर्ची आणि न उघडणारी खिडकी. एकतीस वर्षं तिने कोणाचा तरी फोन कोणाला तरी जोडून दिला. तिच्यामुळे दोन लग्नं जमली, एक संप मिटला, आणि एकदा भलत्याच टेबलावर फोन गेल्यामुळे भलत्याच माणसाला बढती मिळाली. तो पुढे फार चांगला साहेब निघाला. या काळात तिच्या स्वतःसाठी आलेले फोन: शून्य. घरून फोन करायचा नाही, लाइन अडते, हा नियम तिनेच आम्हाला घालून दिला होता.

पटकथेच्या शेवटच्या दृश्यात फोन वाजतो. ती सवयीने म्हणते, "एक मिनिट हं, जोडून देते." पलीकडचा म्हणतो, "नको, मला तुमच्याशीच बोलायचंय." ती थांबते. मग म्हणते, "बोला. मीच बोलतेय." समाप्त.

हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पलीकडे कोण असतं?"

"ते सांगितलेलं नाही."

"आधी विचारायचं असतं रे, कोण बोलतंय म्हणून." एकाच टॉवेलची तिने तिसऱ्यांदा घडी घातली. "असू दे. मला जाड दाखव, बारीक दाखव, तुझ्या बापाशी भांडताना दाखव. ते शेवटचं वाक्य तेवढं राहू दे."

"राहील."

"लिहून देतोस?"

"अगं, लिहिलंय की. पटकथेतच आहे."

पटकथेत लिहिलेलं चित्रपटात असतं, असा तेव्हा माझा समज होता.

चित्रपट कंपनीत पटकथा कोणी वाचत नाही. ही तक्रार नव्हे, कामाची पद्धत आहे. पटकथा आधी नियोजन विभागात जाते. तिथे एक बाई चार रंगांच्या पेनांनी तिचा तक्ता करतात: निळ्याने माणसं, हिरव्याने जागा, लालने वस्तू, काळ्याने हवामान. त्यांना सगळे तक्ताबाई म्हणतात. तक्त्यावर सात विभागांच्या सह्या होतात, आणि त्यानंतर पटकथा कपाटात ठेवून किल्ली अशा माणसाकडे देतात जो रजेवर आहे.

माझ्या पटकथेचं पहिलं वाक्य असं होतं: 'मुख्य पात्र टेलिफोनशेजारी बसलेलं. पात्र जुनं, पण स्वच्छ. वरून थंड, आत बरंच काही साठलेलं.'

तक्ताबाईंनी हे वाचलं आणि लाल पेन उचललं.

मला पहिली शंका आली ती जागा शोधणाऱ्या माणसाच्या फोनमुळे. "लेखकसाहेब, पात्र सापडलं," तो धापा टाकत म्हणाला. "अगदी तुम्ही लिहिलंय तसं. जुनं आहे, स्वच्छ आहे, वरून थंड, आत गाळ साठलेला. फक्त साडेतीनशे मीटर रुंद आहे. टेलिफोन या काठाला ठेवू की त्या?"

मी म्हटलं, "अहो, नदीचं पात्र नाही."

"मग नुसतं पात्र कसलं?" तो म्हणाला. "सामान विभागवाले तर म्हणत होते की त्यांच्याकडे आलंय. मी म्हटलं, नदी कशी येईल त्यांच्याकडे?"

मी धावत सामान विभागात गेलो. तिथे लांबच लांब टेबलावर सदतीस पातेली रांगेत ठेवली होती. प्रत्येकाच्या गळ्यात नंबर. विभागप्रमुख काका चष्मा कपाळावर चढवून एकेकाला बोटाने टिचकी मारत होते आणि कान लावून ऐकत होते.

"बरं झालं आलात," काका म्हणाले. "अकरा नंबर बघा. देखणं आहे, पण खोली नाही. चोवीसला अनुभव आहे, पण बुडाशी जळलंय. आणि हे सव्वीस नंबर." त्यांचा आवाज खाली आला. "दोन्ही कान शाबूत. काही न करता नुसतं ठेवलं तरी नजर हटत नाही."

"काका, मुख्य पात्र म्हणजे माणूस. बाई. माझी आई."

काकांनी तक्ता पुढे केला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 'मुख्य पात्र, नग एक. स्थिती: जुनं, स्वच्छ. जागा: टेलिफोनशेजारी.' खाली सात सह्या.

"आई कुठे लिहिलंय?" काकांनी विचारलं. सूर समजुतीचा होता.

मी तक्ताबाईंकडे गेलो. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी पटकथेत लाल पेनाने काम करत होत्या.

"तुम्ही पात्र लिहिलंत," त्या म्हणाल्या. "बाई लिहायचं होतं."

"पण पटकथेत माणसाला पात्रच म्हणतात."

"मग पात्रच आणलंय."

मी दुरुस्तीचा अर्ज मागितला. अर्ज होता. त्याच्यासोबत दोन कागद जोडायचे होते: ज्याची चूक झाली त्याची कबुली, आणि कोणाचीही चूक झालेली नाही असा विभागाचा दाखला.

शेवटी मी निर्मात्यांना भेटलो. त्यांच्या खोलीत दिग्दर्शकही होते. हे गृहस्थ दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातूनच जगाकडे बघतात, त्यामुळे त्यांना आजवर कोणी चहाचा कप धरलेलं पाहिलेलं नाही. मी झालेला घोटाळा सांगितला. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

"नायिकेच्या तारखा दीड वर्षाने आहेत," निर्माते म्हणाले. "आणि आईचं काम करायला ती तयार नाही. मावशी चालेल म्हणाली, तीही चुलत."

"हो, पण म्हणून पातेलं?"

"तारखाच तारखा. मेकअप नाही, घासलं की झालं. स्वतंत्र खोली मागत नाही. मुलाखतीत तोंड उघडून नसती आफत ओढवून घेत नाही. अहो, वीस वर्षं मी असाच कलाकार शोधतोय."

"तुझ्या लिखाणात एक रिकामेपण होतं," दिग्दर्शक चौकटीतून माझ्याकडे बघत म्हणाले. "मला ते जाणवत होतं, हाती लागत नव्हतं. तक्त्याने ते पकडलं."

मी म्हटलं, ही माझ्या आईची गोष्ट आहे. ते म्हणाले, अर्थातच, म्हणून तर पातेलं जुनं घेतलंय.

मग मला पात्राच्या मर्यादा सांभाळून पटकथा पुन्हा लिहायला सांगण्यात आलं. मी लिहिली. हेही नोंदवून ठेवतो, कारण पुढे लोक विचारतात की तू नाही का म्हणाला नाहीस. नाही म्हणणाऱ्यांचे पहिले चित्रपट कुठे लागतात ते मला कोणी दाखवलेलं नाही. 'ती उठते' याचं 'ते उचललं जातं' झालं. 'तिचा संताप उतू जातो' हे वाक्य मात्र सगळ्यांना जसंच्या तसं चाललं. आठव्या मसुद्यापर्यंत माझी आई व्याकरणाने नपुंसकलिंगी झाली होती.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. शेवटचं वाक्य राहिलंच पाहिजे. पातेलं बोलत नाही, हे सर्वांना मान्य होतं. उलट तोच त्याचा मोठा गुण होता. तीन बैठकांनंतर तोडगा निघाला. दृश्यात पातेलं राहील, वाक्य आवाजात येईल, आणि आवाजाची चाचणी माझ्या आईची घेतली जाईल.

आई धुतलेली साडी नेसून, वीस मिनिटं आधी आली. काचेपलीकडच्या खोलीत तिला बसवलं, समोर खराखुरा फोन ठेवला. शेजारी सव्वीस नंबर. भाव जुळावेत म्हणून.

फोन वाजला. आईने उचलला. "एक मिनिट हं, जोडून देते."

"बाई, ते नाही," ध्वनिमुद्रक म्हणाला. "पुढचं वाक्य."

"हो हो. चुकलं."

फोन पुन्हा वाजला. "एक मिनिट हं, जोडून देते."

सोळा वेळा. वाक्य तिला पाठ होतं, येताना रस्ताभर ती ते पुटपुटत होती. पण घंटा वाजली की तोंडातून जोडून देणंच बाहेर पडायचं. सोळाव्या वेळी तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि पदराने फोन पुसला.

"घंटी नका वाजवू," ती ध्वनिमुद्रकाला म्हणाली. "नुसतं हलो म्हणा."

तो नुसता हलो म्हणाला. आईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "बोला. मीच बोलतेय."

ध्वनिमुद्रकाने कानावरचं काढून ठेवलं आणि उगाचच वायरी आवरायला लागला. दिग्दर्शकांची चौकट, मी प्रथमच पाहिलं, खाली आली होती.

निकाल आठ दिवसांनी लेखी आला. 'सदर उमेदवाराच्या आवाजात माणूस असल्याचं जाणवतं. त्यामुळे पातेल्याच्या विश्वासार्हतेस बाधा येण्याची शक्यता आहे. सबब, उमेदवार पात्रासाठी अपात्र.' शेवटच्या वाक्याच्या जागी झाकणाचा आवाज घेण्यात आला.

मी पत्र आईला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन पुन्हा वाचलं, शिक्का पाहिला.

"टायपिंग चांगलंय," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "तू लिहून दिलं होतंस ना?"

"हो."

"मग झालं." आणि ती घड्या घालायला बसली. घालायला काही उरलं नव्हतं म्हणून घातलेल्या मोडून.

पहिल्या खेळाला आम्ही दोघं गेलो. शेवटच्या दृश्यात फोन वाजला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही, आणि पातेल्यावरचं झाकण एकदा हललं. चित्रपटगृह हमसून हमसून रडलं. माझ्या पुढच्या रांगेतला धिप्पाड गृहस्थ बायकोला म्हणाला, "आपण घरच्या भांड्यांशी किती वाईट वागतो गं." आई पदराशी चाळा करत पडद्याकडे बघत होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"फोन इतका वेळ वाजू देत नाहीत," ती म्हणाली. "तीन घंटांत उचलायचा असतो."

बाहेर दालनात सव्वीस नंबर मखमलीवर ठेवलं होतं आणि सोबत फोटो काढायला रांग लागली होती. आई शेजारी उभी होती, कारण तिला वाटलं लेखकाच्या आईने तिथे उभं राहायचं असतं. एक जोडपं पुढे आलं.

"बाई, जरा बाजूला होता का? आम्हाला पात्राबरोबर फोटो हवाय."

"एक मिनिट हं," आई म्हणाली, आणि त्यांचा मोबाइल हातात घेऊन त्यांचा फोटो काढून दिला. मग मागच्यांचा. मग त्यांच्या मागच्यांचा. रांग संपेपर्यंत ती फोटो काढून देत होती. सगळे फोटो चांगले आले आहेत असं ऐकतो. एखादा तुमच्याकडेही असेल.

आता सुरुवातीचा तो परिच्छेद वाचकांनी वाचला होता असं समजायला हरकत नाही. त्यातला डावा कान मी धरला होता. पुरस्कारही मला पेलला, पातेलंही. आभाराच्या भाषणात मी माझ्या मुख्य पात्राच्या मौनाचा गौरव केला, आणि टाळ्यांमध्ये खिशातला मोबाइल थरथरला. आईने मला कामाच्या वेळी केलेला तो आयुष्यातला पहिला फोन होता. दोन्ही हात गुंतलेले होते. तीन घंटांनी तिने ठेवला.

जाहीर विनंती

प्रति, सर्व प्रेक्षक.

विषय: अनवधानाने गाळलेले अश्रू परत करण्याबाबत.

महोदय/महोदया, आपण 'जोडून देते' या चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात सव्वीस नंबरच्या पातेल्यासाठी जे अश्रू गाळले, ते नोंदीतील चुकीमुळे भलत्या पात्राकडे जमा झाले आहेत. तरी सदर अश्रू सात दिवसांच्या आत मूळ स्वरूपात परत करावेत, जेणेकरून ते योग्य व्यक्तीकडे जोडून देता येतील. झेरॉक्स चालणार नाही. सोबत 'आपण बाजूला व्हायला सांगितलेली बाई कोण होती' याचा एका ओळीत खुलासा जोडावा. खुलासा माहीत नसल्यास 'माहीत नाही' असं लिहून खाली सही करावी.

आपला नम्र,
लेखक (डावा कान)